मोहाचा वास आणि एक केसपेपर

गोंदियाहून परत येऊन आठ दिवस झाले, तरी माझा राग उतरलेला नाही. उतरायच्या आत लिहून काढते. एकदा का तो उतरला की मी नेहमीसारखी समजूतदार होईन, आणि मग हे लिहिणं कुणाच्याच कामाचं राहणार नाही.

मी नर्स. आता निवृत्त. जन्म कराडचा, शिक्षण मिरजेचं, मधली अकरा वर्षं लंडनच्या एका सरकारी हॉस्पिटलात गेली आणि शेवटची वीस वर्षं पुन्हा मिरजेत मुलींना नर्सिंग शिकवण्यात. त्या मुलींपैकी एक मंगला. गोंड समाजातली, सालेकशाच्या बाजूला जंगलात वसलेल्या एका गावची. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही, पण परीक्षेत मलाही काही नवं शिकवील असं लिहायची. तिनं लागलेली नोकरी सोडली आणि गावात सहा बायकांचं मंडळ उभं केलं. काम सिकलसेलचं. दरवर्षी फोन करायची, "सिस्टर, एकदा या. आमच्या बायांना दुखणं मोजायला शिकवा." दरवर्षी मी गुडघ्यांचं कारण सांगायचे. यंदा मार्चमध्ये गेले.

गोंदिया ते गाव

स्टेशनाबाहेर रिक्षावाला माझ्याशी हिंदीत आणि मी त्याच्याशी मराठीत, असं आमचं दहा मिनिटं चाललं. शेवटी तो म्हणाला, "आंटी, समझ तो सब रहा हूँ, पर आप इतना गुस्से में क्यों बोलती हो?" मी म्हटलं, आमच्याकडे याला गोडीनं बोलणं म्हणतात. तेवढ्यात मंगला मोटरसायकल घेऊन आली. चाळिशीची बाई, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, माझी बॅग पेट्रोलच्या टाकीवर आडवी टाकून म्हणाली, "बसा सिस्टर, घट्ट धरा."

मी आपली पश्चिम महाराष्ट्राची. मला शेत म्हटलं की ऊस दिसतो. इथं धानाची कापलेली बुडखी, मध्ये मध्ये मातीच्या बांधांच्या पाळी, आणि दर थोड्या अंतरावर पाणी. प्रत्येक गावाला तळं, शेताच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे छोटं शेततळं. पूर्वजांनी खणून ठेवलेली, अजून पाणी धरून आहेत. रेल्वेमार्ग ओलांडला आणि जंगल सुरू झालं. पळस पेटलेला होता आणि हवेला एक गोडसर, आंबूस वास येत होता. मी विचारलं तर मंगला म्हणाली, "मोह पडून राहिला ना जी. आता महिनाभर सगळ्या गावाच्या अंगाला हाच वास येणार. तुमच्या साडीला पण."

मंगलाच्या दारात पाय धुवायला लोटाभर पाणी मिळालं. मग भात, लाखोरीचं वरण आणि वाळलेल्या झिंग्यांची चटणी. मला वरण अळणी वाटलं आणि माझ्या पिशवीतल्या मिरचीच्या खर्ड्यानं मंगलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी म्हणाली, "तुमच्या गावात हे जेवतेत का भांडतेत?"

जेवताना मंगलानं आजाराची गोष्ट पुन्हा समजावली, माझ्यासाठी नव्हे, तिच्या सवयीनं. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस हाडापासून कळवळतो. आजार आईबापांकडून येतो. दोघांकडून आला तर तपासणीनंतर लाल कार्ड मिळतं, एकाकडूनच आला तर पिवळं. पिवळ्या कार्डाच्या माणसाला सहसा त्रास नसतो. पण दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर पोटी लाल मूल येऊ शकतं.

गोंडांत लग्न ठरवताना पहिला प्रश्न असतो, "किती देवाचे?" चार देवाचे, पाच देवाचे, सहा, सात, देव सारखे निघाले तर सोयरीक होत नाही. मंगलाच्या बायकांनी त्याच्याच पुढे दुसरा प्रश्न जोडायला शिकवलं: "कार्ड कोणतं?" मला ही युक्ती फार आवडली. परक्या डॉक्टरानं भाषण ठोकण्यापेक्षा घरातल्या प्रश्नाला जोडून प्रश्न.

"पन आमच्या हातून एक मोठी चूक झाली," मंगला म्हणाली.

त्यांच्या गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळालेला आहे. वर्षानुवर्षं कागद न वाचताच अंगठे घेऊन लोकांना फसवलं गेलं, म्हणून हक्क आल्यावर गावानं ठरवलं की यापुढे आलेला प्रत्येक कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा. काहीही लपवायचं नाही. मग तपासणीची यादी आली. मंगलानं तीही वाचली. मोठ्यानं, अभिमानानं, नावासकट.

"मले वाटलं, आपल्यात कायचं लपवाचं? तिसऱ्या दिवशी दोन सोयरीकी तुटल्या. पोट्टीले 'लालवाली' म्हनाले लागले. लोकांनी कार्डं लपवली, कोनी कणगीत, कोनी छपरात. आजही माहीत नाही कोनाचं कुठं आहे." ताटातला भात चिवडत ती म्हणाली, "नर्स होती ना जी मी. गुप्त ठेवाचं असते हे तुम्हीच शिकवलं होतं."

मला तिचा राग आला आणि तो तसाच तिला सांगितला. तिनं ऐकून घेतला.

दुखणं मोजण्याची शाळा

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सहा बायका जमल्या. मी सोबत एक तक्ता नेला होता, एक ते दहा आकडे आणि हसरे-रडके चेहरे. दुखणं किती, ते बोटानं दाखवायचं. मी छान तासभर शिकवलं. बायकांनी मान हलवली. मग त्यांतली एक, साठीची सकवारबाई, म्हणाली, "बाई, आमची कोनतीच बाई दहा म्हननार नाही. मरून राहिली तरी तीनच म्हनते."

"मग तुम्ही काय करता?"

"आमी विचारतो, कोनतं काम सोडलं?"

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा बाई जंगल सोडते. मग गुंड सोडते, म्हणजे पाण्याला जात नाही. मग चूल सोडते. आणि सगळ्यात शेवटी फणी सोडते. हात वर करून केस विंचरणं जमेना झालं की घरच्यांना विचारत बसायचं नाही, उचलायचं आणि दवाखाना गाठायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी दुखण्याचे किती फॉर्म भरले असतील त्याची मोजदाद नाही, पण असा सरळ प्रश्न एकाही फॉर्मात नव्हता. मी माझा तक्ता गुंडाळून पिशवीत टाकला.

दुपारी त्यांच्याबरोबर दारोदार फिरले. एका अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, पिवळट, मनुक्यांसारखी. घर फुलाबाईचं. नवरा नागपूरला बांधकामावर, घरी दोन मुली. थोरली दुर्गा अंगण सारवत होती. शुक्रवारी तिला पाहायला नव्हे, सोयरीक पक्की करायला पाहुणे येणार होते. धाकटी आरती, एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, पहाटेपासून मोह वेचून नुकतीच परत आली होती. भिंतीला टेकून बसली होती. डोळे पिवळे, ओठ सुकलेले.

मंगलानं विचारलं, "आरती, पानी पेलीस का?"

"पेली ना," आरतीऐवजी फुलाबाई बोलली. "काही नाही झालं तिले. उन्हानं आहे. तुमी कायले आल्या आज? पावने येनार आहेत शुक्रवारी, लोकं पाहून राहिले."

मंगला बाहेर येऊन म्हणाली, आरतीचं कार्ड लाल आहे. ग्रामसभेत नाव वाचलं गेलं त्यांपैकी एक. पाहुणे लांबच्या गावचे, त्यांना ठाऊक नाही. धाकटी लाल म्हणजे आईबाप दोघेही निदान पिवळे, म्हणजे थोरलीवरही संशय.

"आणि दुर्गाचं?"

"पिवळं. पोराचं कार्ड कोनी विचारलंच नाही."

"का नाही विचारलं? तुमचा दुसरा प्रश्न कुठं गेला?"

"पोरीकडच्यांनी विचारलं तर उद्धटपना होते ना, सिस्टर."

वा! मी रस्त्यात उभी राहून काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. आमच्याकडेही काही वेगळं नाही म्हणा. कराडात पत्रिका पाहतात, पगार पाहतात, मुलीला चालून दाखवायला सांगतात. मुलाला चालून दाखव म्हणणारं घर मला अजून भेटायचं आहे.

दवाखान्यात

गुरुवारी सकाळी सकवारबाई धावत आली. "आरतीनं फणी सोडली."

आम्ही पोचलो तेव्हा ती जमिनीवर आडवी होती, केस सुटलेले, गुडघे छातीशी. ओरडत नव्हती. दाताखाली ओढणीचं टोक धरलं होतं. अंगावर कालचीच सलवार-कमीज, मोहाच्या रसानं चिकट झालेली. फुलाबाई म्हणत राहिली, उतरेल, उतरेल, उद्याचा दिवस जाऊ द्या. दुर्गानं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं बहिणीला उचलून खाटेवर घातलं. बायकांनी खाट रस्त्यापर्यंत नेली, तिथून जीप मिळाली.

दवाखाना कुठला ते मी लिहीत नाही. नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटल्यासारखं वाटतं. तरुण डॉक्टर, इस्त्रीचा शर्ट. आरतीला तपासायच्या आधीच त्यानं नाकाला रुमाल लावला.

"पिऊन आलीय का ही?"

मंगला म्हणाली, "नाही सर. मोह वेचते ती. कपड्यांना वास आहे. सिकलसेलची क्रायसिस आहे, सलाइन आणि दुखण्याचं औषध लगेच पाहिजे. मी नर्स आहे."

"कुठली नर्स? कुणी पाठवलं? हे बघा, यांचं नेहमीचं आहे. रात्री प्यायची, सकाळी पोट धरून यायचं. मग नाटक सुरू. गॅसची गोळी देतो." आणि त्यानं केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं. मी वाचलं. 'दारूच्या अमलाखाली असल्याचा संशय. दुखणं वाढवून सांगते.'

वाढवून सांगते! जिच्या तोंडातून तोवर एक शब्द बाहेर पडला नव्हता, ती!

त्या क्षणी मला आलेला सगळाच राग त्याच्यावर नव्हता. लंडनला असताना माझ्या वॉर्डात ग्रेस नावाची एक काळी बाई होती, मूळची नायजेरियाची. तिलाही हाच आजार. आफ्रिकेतून आलेल्यांत तो आपल्या जंगलातल्यांसारखाच आढळतो. वरिष्ठ डॉक्टर म्हणाला, हिला दुखत नाही, हिला इंजेक्शनची चटक आहे, तसं लिही. आणि मी लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या सुंदर अक्षरात. पुढे तिच्या वस्तीतल्या काळ्या बायकांच्या मंडळातल्या दोघीजणी यायला लागल्या. रोज तिच्या उशाशी बसायच्या. एके दिवशी त्यांनी कागद उचलून विचारलं, हे कुणी लिहिलं? मी तिथेच उभी होते. बोलले नाही. नवी होते, व्हिसाची काळजी होती, स्वतःही सावळीच होते, आणि तरी नाही बोलले.

म्हणून यावेळी बोलले. माझ्या सगळ्या इंग्रजीसकट बोलले. मी कोण, कुठे किती वर्षं काम केलं, क्रायसिसमध्ये पहिल्या तासात काय द्यायचं, न दिल्यास छातीत काय होऊ शकतं आणि ते झालं तर उत्तर कुणी द्यायचं. 'लंडन' हा शब्द कानावर पडताच डॉक्टर खुर्चीतून उठला. "अरे मॅडम, आधी सांगायचं ना! इथं बसा."

नर्स असल्याचं आणि काय द्यायचं ते मंगलानं आधीच सांगितलं होतं. अगदी स्पष्ट. तिचं ऐकू गेलं नाही, माझं गेलं. मला त्या खुर्चीत बसावंसं नाही वाटलं, ती उचलून फेकावीशी वाटली.

"पण कार्ड लागेल," तो म्हणाला. "तपासणीचा माणूस सुट्टीवर आहे. कागदाशिवाय मोठं इंजेक्शन कसं देऊ?"

कार्ड. सगळ्यांनी फुलाबाईकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तिच्या मागे पडवीत रांगेत बसलेल्या बायकांत एक जाडशी बाई मान उंच करून आत बघत होती. दुर्गा माझ्या कानाशी म्हणाली, "पावन्यांच्या पोराची मावशी."

"कार्ड नाही जी," फुलाबाई म्हणाली. "कधी भेटलंच नाही."

खाटेवर आरतीचा श्वास तुटक झाला होता. दुर्गा आईजवळ गेली. आईनं कमरेला खोचलेली चंची दोन्ही हातांनी दाबून धरली. दुर्गानं एकेक बोट सोडवलं. जोर लावून नाही, हळूच. चंचीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लाल कार्ड निघालं. म्हणजे आईनं ते घरून आणलं होतं. कणगीत ठेवलं नव्हतं, छपरात नाही, सोबत आणलं होतं, आणि तरी बाहेर काढवत नव्हतं. मला तिच्यावर चिडता आलं नाही.

दुर्गानं कार्ड टेबलावर ठेवलं आणि पडवीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माह्या बहिनीचं आहे. लाल आहे. लिहून घ्या."

सलाइन लागलं. इंजेक्शन मिळालं. तासाभरानं आरतीच्या दातांतली ओढणी सुटली.

शुक्रवार

पाहुणे आले नाहीत. सकाळीच निरोप आला, की आम्हाला निरोगी घर पाहिजे. सांगायला तीच मावशी आली होती. दुर्गा तेव्हा शिजवलेला भात बहिणीच्या डब्यात भरत होती. तिनं मावशीला बसायला चटई दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या पोराचं कार्ड कोनतं, मावशी?"

"पोराचं कायले?"

"तपासलं का?"

"आमच्या घरी असं काही नाही."

"तपासून या. मंग निरोगी म्हना."

मावशी पाणी न पिता गेली. फुलाबाई आत जाऊन रडली, बराच वेळ. तिला समजावायला कुणी गेलं नाही. सकवारबाई फक्त शेजारी जाऊन बसली आणि सुपात मोह निवडायला लागली.

शनिवार, निघायचा दिवस

आरती बरी होती. स्वतः उठून बसली, पेज प्यायली. संध्याकाळच्या गाडीचं माझं तिकीट होतं. दुपारी सुट्टीचा कागद तयार झाला आणि मंगलानं तो वाचला. वरचं निदान बदललं होतं, सिकलसेल लिहिलं होतं. पण पहिल्या पानावर ते जुनं वाक्य तसंच होतं. दारूचा संशय. दुखणं वाढवून सांगते.

"हे खोडा, सर," मंगला म्हणाली.

"जाऊ द्या हो. बरी झाली ना? कोण वाचतंय ते?"

"पुढचा डॉक्टर वाचते. पुढच्या वेळी मी सोबत नसेन. वास येईल आणि हे वाक्य असेल. मंग तिले गोळी देऊन घरी पाठवतील."

मी तोंड उघडलं. मंगलानं माझा दंड धरला. "तुम्ही नको, सिस्टर. तुमच्यानं झालं तर आमच्यानं झालं नाही." मला ते झोंबलं. पण तिचं बरोबर होतं, म्हणून मी बाकावर जाऊन बसले आणि दातओठ खात राहिले. गप्प बसण्याची मला चांगली सवय आहे असं वाटत होतं. त्या दिवशी कळलं की ती चुकीच्या जागी गप्प बसण्याचीच होती.

डॉक्टर म्हणाला, सोमवारी या. साहेब आले की बघू. खाट रिकामी करा.

तेव्हा फुलाबाई पुढे आली. पडवीत वीसेक माणसं होती. ती डॉक्टरकडे न बघता त्या माणसांकडे बघून बोलली.

"माही पोरगी पेली नव्हती. मोह वेचून आली होती. वेचला नाही तर खावाचं काय? तिच्या अंगाले वास आला तर ह्या सायबानं ती दारूडी आहे म्हनून लिहिलं. मले वाचता येत नाही. पन माह्या पोरीच्या कागदावर हे राहनार नाही."

आणि ती दारातच खाली बसली. मग दुर्गा बसली. मग मंगला. मंडळाच्या बाकीच्या बायका बाहेर जीपपाशी थांबल्या होत्या, त्याही आत येऊन बसल्या. घोषणा नाही, काही नाही. सकवारबाईनं पानाचा डबा काढला. डॉक्टर त्यांच्या अंगावरून पाय टाकून जाऊ शकत नव्हता आणि त्यांना उठवूही शकत नव्हता.

मला निघावं लागलं. मंगलाच्या भावानं मोटरसायकलवर गोंदियाला सोडलं. स्टेशनवर आलूबोंडा घेतला. गरम होता, पण एक घास खाऊन कुत्र्याला घातला. गाडी लेट होती. फलाटावर बसून मी त्या डॉक्टरच्या वरिष्ठांना मनातल्या मनात चार पत्रं लिहिली. एकाहून एक जहाल, आणि एकही पाठवलं नाही, कारण मंगलाचा हात अजून दंडावर जाणवत होता.

गाडी सुटता सुटता तिचा फोन आला.

"खोडलं, सिस्टर. एक रेघ मारली त्यानं."

"छान! मग आता घरी चला सगळ्या."

"नाही जी. सही केली नाही त्यानं खाली. बिनसहीचं खोडलं तर कोनीही म्हनेल, पोरीनंच खोडलं." मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. "आमी बसून राहिलो."

"अगं, पण आरती? तिला घरी न्या, ती दमली असेल."

"तिले म्हटलं ना मी," मंगला म्हणाली. "ऐकत नाही. सगळ्यांच्या पुढं तीच बसली आहे."